कॅमेऱ्यावर भरवसा नसलेला माणूस

कॅमेरा सुरू केला की ते आधी त्याच्या अंगाला उलटा हात लावत. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. मग मागच्या पडद्यावर पळणारे आकडे पाहत, वळसा घालून समोर येत, समोरचा बारका लाल दिवा लागला आहे का ते वाकून पाहत, परत मागे जात आणि म्हणत, "चालू हाये म्हणते. पण कायच्यावरून?"

"भाऊ, दिवा लागला, आकडे पळून राह्यले. अजून काय पाहिजे?" मी म्हणायचो.

"आकडे पळतेत बे. आकडे तं पेट्रोल पंपावर बी पळतेत."

असा माणूस तुम्ही पाहिला असेल. लग्नात नवरा-नवरीच्या आणि तुमच्या मध्ये जो उभा राहतो, ज्याला मागून "ओ कॅमेरावाले, बसा खाली" असं ओरडून सांगावं लागतं, तो. त्याचं तोंड तुम्हाला आठवणार नाही, कारण तुम्ही त्याची पाठच पाहिलेली असते. त्या पाठीमागे मी सहा वर्षं काम केलं. ते गेले त्याला आता दीड वर्ष होईल. चिखलीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणायचो आणि इथंही तेवढंच म्हणणार आहे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. अमडापूरजवळच्या खेड्यातून एसटीनं चिखलीला येऊन मी बी.एस्सी. केलं आणि त्यानंतर दोन वर्षं नोकरीचे अर्ज भरत बसलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भाऊंचा स्टुडिओ होता. बाहेर पाटी लागली होती, 'शूटिंगसाठी माणूस पाहिजे. इंग्रजी वाचता यावे.' कॅमेरा धरता यावा असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मी आत गेलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. ड्रॉवरमधून कॅमेऱ्याचं जाड माहितीपुस्तक काढून माझ्यापुढे टाकलं.

"ग्रॅज्युएट हायस ना? हे वाच, अन् यात कुठी कुठी खोटं लिहिलं हाये ते सांग."

"कंपनीनं छापलेलं आहे ना हे? खोटं कसं असेल?"

"छापलेलं हाये म्हणूनच इचारून राह्यलो."

चार दिवस मी ते पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. कॉलेजात एवढ्या मन लावून काही वाचलं नव्हतं. चौथ्या दिवशी एका पानावर सापडलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हा कॅमेरा न थांबता दीर्घकाळ चित्रण करतो. त्या वाक्याच्या शेवटी एक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, भोवतालचं तापमान पंचवीस अंश असल्यास.

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "पंचवीस! बाप्पा! आपल्या इथं मे महिन्यात पंचवीस फक्त फ्रीजमंधी राह्यते." मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून काकूंना हाक मारली, "च्या ठेव वं. पोरगं कामाचं हाये."

शिकल्याचा उपयोग झाला असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ते ऋण मी विसरलो नाही. पुढं जे घडलं त्यात माझी चूक मला जास्त टोचते, ती त्यामुळेच.

संशय हा त्यांच्या कामाचाच भाग होता. प्रत्येक लग्न दोन कार्डांवर उतरायचं. लग्न संपलं की एक कार्ड त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात जाई आणि दुसरं माझ्या. मग ते मोटारसायकलवर आणि मी एसटीत. एका गाडीत दोन्ही कार्डं कधी बसली नाहीत. लोणारचं लग्न आटोपून एकदा पावसात मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायला गेलो, तर म्हणाले, "उतर. मी घसरलो तं कोणाचं लगन गेलं?" मी भिजत स्टँडवर गेलो. त्यांचाही शर्ट भिजला होता, पण कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी तंबाखूच्या डबीत ठेवली होती. तंबाखू फेकून दिला होता.

कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं म्हटलं की ते कॅमेरा छातीशी धरत. "फुकट देऊन राह्यले म्हंजे पहिले अर्धंच देल्लं होतं." कॅमेऱ्याचं वायफाय त्यांनी जन्मात सुरू केलं नाही. नवीन बॅटरी आली की ती जुनीच असल्याचं धरून चालत. लग्नघरची मंडळी "भाऊ, जेवून घ्या" म्हणाली, की ते कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणत, "याले एकटं सोडून?"

याच सुमारास आमच्या भागात फुल फ्रेमचं वारं आलं. पिंपळगाव राजाचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचं ठरवायला आले आणि बसायच्या आधीच विचारलं, "भाऊ, कॅमेरा फुल फ्रेम हाये ना?"

"तं काय तुमची पोरगी अर्धी दाखोतो मी?"

गृहस्थ उठून गेले. त्या हंगामात असे तिघं-चौघं उठून गेले. मग मी भाऊंना समजावलं. जुन्या फोटोच्या रिळाची चौकट असायची तेवढा मोठा सेन्सर असला की त्याला फुल फ्रेम म्हणतात. उजेड कमी असला तरी चित्र स्वच्छ येतं, आणि माणसावर फोकस धरला की मागचं सगळं मऊ, धूसर होतं, सिनेमासारखं. त्यांना त्यातलं शेवटचंच ऐकू आलं.

"मांगचं धूसर कायले करायचं? मांगं काय झाडं बसली हायेत? मामा पाच तास एसटीत उभा राहून आला, त्याले तू धुकं करून टाकशीन?"

शेवटी घेतला त्यांनी तो कॅमेरा. पण जुना टाकला नाही. प्रत्येक लग्नात नव्याच्या शेजारी जुना उभा असे. "साक्षीदार हाये," म्हणत. आणि मे महिन्यात अमडापूरला, पत्र्याच्या मांडवात, मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला नवा कॅमेरा तापून गप्प झाला. आवाज नाही, काही नाही, पडद्यावर थर्मामीटरचं एक इवलंसं चित्र. माझ्या लक्षातही आलं नसतं. भाऊंचा उलटा हात त्याच्या अंगावर होता म्हणून कळलं. त्यांनी खांद्यावरचा ओला दुपट्टा त्याच्यावर टाकला, जुन्या कॅमेऱ्यावर लग्न पुरं केलं आणि परत येताना मला एवढंच म्हणाले, "मेला त्याचं काही नाही. सांगून तं मराव."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी खामगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये कॅमेऱ्याच्या कंपनीनं आमच्यासारख्यांना बोलावलं. पुढच्या फुल फ्रेम व्हिडिओ कॅमेऱ्यात तुम्हाला काय हवं ते सांगा, असा कार्यक्रम होता. समोर पुण्याहून आलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म आणि एक पेन. भाऊंनी पेन उघडून आतली कांडी तपासली.

अकोल्याच्या एकानं सांगितलं, चित्र याच्या दुप्पट बारीक पाहिजे. मलकापूरचा म्हणाला, हळद उडते ती अजून हळू दिसली पाहिजे. कोणाला वजन कमी हवं होतं. कोणाला उन्हासाठी कॅमेऱ्याच्या आतच काळी काच हवी होती. मुलगा सगळ्याला "नक्की सर, नोट केलं सर" म्हणत होता. मग भाऊ उठले.

"एक सांगा साहेब. आम्ही आज सांगतलं तं हे सारं कधी येईन?"

"पुढच्या मॉडेलमध्ये, सर. दोन-तीन वर्षांत."

"म्हंजे आज जो इकून राह्यले तो अपुरा हाये, हे तुमाले ठाऊक हाये."

हॉल हसला. मुलगाही हसला, बिचारा. "तसं नाही सर. टेक्नॉलॉजी डेव्हलप होत असते."

"होत नसते. होऊन गेलेली राह्यते. तुम्ही ते कपाटात ठेवता अन् दर दिवाळीले एक एक काढता." मग त्यांचा आवाज चढला. "अन् डोळा धरते म्हणता ना तुमचा कॅमेरा? आमच्या नवरीच्या डोळ्यापुढं मुंडावळ्या राह्यतेत. मोत्याच्या सरी हालल्या का हा नवरीले सोडते अन् मांगच्या मामीले धरते. मामीले कायले धरते? अन् सावळ्या पोरीले गोरी करते ते अलग. मेहकरच्या लग्नाची सीडी पाहून सासू म्हणे, ही कोण?"

मला लाज वाटत होती. आपला माणूस अडाणी दिसतो आहे असं वाटून मी खाली मान घालून बसलो होतो. पुढं कधीतरी इंटरनेटवर मी परदेशातल्या चित्रपटवाल्यांची चर्चा वाचली. नव्या फुल फ्रेम कॅमेऱ्याकडून काय हवं यावर ते पानंच्या पानं भांडत होते. तापून बंद पडू नये, कंपनीनं आहे ते दडवून ठेवू नये, फोकसनं आमचं ऐकावं. ती इंग्रजी वाक्यं वाचताना मला कानात वऱ्हाडी ऐकू येत होती.

फॉर्म त्यांनी मलाच भरायला लावला. "माह्यं अक्षर कायले देऊ त्यायले?" त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: पंचेचाळीस अंशांत चालला पाहिजे. थांबायचं असेल तर सांगून थांबला पाहिजे, घंटी वाजवा, काहीही करा. आणि समोरचा लाल दिवा मोठा पाहिजे, लांबून दिसणारा, कारण चालू आहे की नाही हे समोरच्यालाही कळलं पाहिजे. खाली फोन नंबरची जागा होती.

"ते सोड."

"नंबर दिला नाही तर ते कळवणार कसं?"

"कॅमेरा बनवाले माह्या नंबर लागते का?"

आता पल्लवीबद्दल सांगतो. पल्लवी भाऊंची एकुलती मुलगी, फार्मसी शिकलेली, बापासारखीच तिखट. फाल्गुनात तिचं लग्न ठरलं. लग्न चिखलीतच, शूटिंग कोण करणार हा प्रश्न घरात कोणी काढलाच नाही. गावातल्या दुसऱ्या कोणाला बोलवायचं म्हटल्यावर भाऊ म्हणाले असते, तो कायच्यावरून नीट करीन? शेवटी एका दुपारी स्टुडिओत त्यांनी मला दोन्ही कॅमेऱ्यांच्या पिशव्या दिल्या आणि म्हणाले, "तू कर." बस. मला ते पदवीच्या कागदापेक्षा मोठं वाटलं.

त्याच संध्याकाळी पल्लवी आली. भाऊ बाहेर गेले होते. ती उभ्यानंच बोलली.

"दादा, एक सांगू का? आमच्या घरात एकाही फोटोत बाबा नाहीत. माह्या बारशात नाहीत, पहिल्या वाढदिवसात नाहीत. दहावीचा सत्कार झाला, त्यात बी आई हाये, मोठेबाबा हायेत, बाबा नाहीत. मैत्रिणी इचारतेत, तुझे बाबा गावाले गेले होते का?"

"ते काढणारे होते ना फोटो."

"तेच सांगून राह्यली. कन्यादानात ते माह्याजवळ दिसले पाहिजेत. पाटावर बसलेले, माह्या बाजूले. मले दुसरं काही नको. ड्रोन नको, गाणं नको." मग थांबून म्हणाली, "अन् त्यायले उठू देऊ नका. ते उठतीन, माहीत हाये मले."

"नाही उठणार."

"शब्द द्या."

मी शब्द दिला.

हळदीच्या दिवशी मी रेकॉर्डिंग तपासलं. प्रत्येक दृश्यात भाऊ कॅमेऱ्याकडे बघत होते. पोरीच्या गालाला हळद लावतानाही नजर समोर, लाल दिव्यावर. आधारकार्डावरचा फोटो असतो तसा चेहरा. कन्यादानातही हे असंच होणार होतं. मी खूप विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. दिवा दिसलाच नाही तर ते कॅमेरा विसरतील. वायरीला लावतात त्या काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापून मी तो नव्या कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर चिकटवला. त्यांच्याजवळ सहा वर्षं राहून मी हे केलं. मला आजही कळत नाही, माझी अक्कल कुठं गेली होती.

लग्न लागलं. कन्यादानाला बसले. नवा कॅमेरा मांडवासमोर तिपाईवर, एकटा चालू. जुना माझ्या हातात होता आणि मी बाजूला गुडघ्यावर बसून फक्त ओंजळी टिपत होतो. वर काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या, त्याखाली भाऊंची ओंजळ, त्याखाली पल्लवीची, मग नवरदेवाची, आणि तळाशी काशाचं भांडं. आमच्याकडे ही धार एकदा सुरू झाली की मोडू नये असं मानतात. गुरुजींनी खूण केली. काकूंनी तांब्या कलता केला.

माझ्या पडद्यावरून वरची ओंजळ नाहीशी झाली.

मी मान वर केली. भाऊ उठून उभे होते. "बंद हाये," ते म्हणत होते, "अरे, बंद पडला ना तो!"

"अहो यजमान!" गुरुजी ओरडले.

"व्याही, कुठी चालले?" पलीकडून कोणीतरी विचारलं आणि मांडवात हसू पसरलं.

भाऊ पाटावरून उतरून थेट कॅमेऱ्यापुढे गेले. वाकले. भिंगात पाहिलं. उलटा हात कॅमेऱ्याला लावला. मग त्यांचं नख त्या काळ्या तुकड्याखाली गेलं आणि तो त्यांनी सोलून काढला. दिवा आत लागलेलाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मागं वळले तेव्हा धार पडत होती. मोडू नये म्हणून पल्लवीच्या मोठेबाबांनी, भाऊंच्या थोरल्या भावानं, मागून हात घालून आपली ओंजळ खाली धरली होती. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तांब्या त्यांनी हलू दिला नाही. भाऊ दोन पावलं पाटाकडे गेले. मग एकदम थांबले, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, आणि आम्ही लोक दुसऱ्याच्या चित्रणात आडवं येऊ नये म्हणून कंबरेत वाकून सरकतो तसे डावीकडे सरकले. फ्रेमच्या बाहेर. तिथं ते हात बांधून उभे राहिले. धार संपेपर्यंत तसेच.

पल्लवीनं मान वळवली नाही. तिला वळवायची नसते त्या वेळी.

पाठवणी झाली. दोन दिवस भाऊ स्टुडिओत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "लाव."

आधी मी जुन्या कॅमेऱ्यातलं लावलं. पडद्यावर फक्त हात होते. एक ओंजळ जाते, पाणी क्षणभर मोकळं पडतं, आणि दुसरी, अंगठी घातलेली ओंजळ येते. मग नव्यातलं लावलं. त्यात भाऊ उठतात, मोठे मोठे होत जवळ येतात आणि त्यांचा चेहरा सगळी चौकट भरून टाकतो. कॅमेऱ्यानं त्यांचा डोळा पकडला होता. पापणीचा केस न् केस दिसत होता, भुवईतला पांढरा, नाकावरचा घाम. त्यांच्या मागं मांडव, गुरुजी, पल्लवी, सगळं विरघळून नुसते रंग झाले होते.

"चिकटपट्टी कोणं लावली?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"मी."

"काऊन?"

"तुम्ही सारखे दिव्याकडे पाहायचे. पल्लवीनं सांगितलं होतं, तुम्ही तिच्याजवळ बसलेले दिसले पाहिजेत. दिवा दिसला नाही तर तुम्ही विसरून जाल, असं वाटलं मला."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले इचारायचं ना बे," ते म्हणाले. मग पडद्याकडे हात करून, "हे काढून टाक. फोकस चुकला. पोरीचं लगन हाये अन् ते बापावर धरून बसलं."

"हो भाऊ," मी म्हणालो.

उठताना त्यांनी खिशातून त्या लग्नाचं दुसरं कार्ड काढलं. पाठवणीच्या गडबडीतही ते त्यांनी आपल्याजवळच ठेवलं होतं. ते माझ्या टेबलावर ठेवून गेले. दोन्ही कार्डं एका माणसाजवळ त्यांनी त्याआधी कधी ठेवली नव्हती. ते ठेवून गेले याचा अर्थ मी खूप दिवस लावत होतो. माझ्यावर भरवसा होता, की आता काही जपायचं उरलं नाही असं वाटलं होतं? मला दुसरीच शंका जास्त येत असे.

पल्लवीचा मला फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. ती रडली नाही, रागावली. दहा मिनिटं मला बोलली आणि मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "अन् तो तुकडा? बाबा जवळ आले तो?"

"भाऊंनी काढायला सांगितला आहे."

"काढसान तं माह्याशी बोलू नका."

लग्नाच्या फिल्ममधून मी तो तुकडा काढला आणि वेगळा ठेवला. मी भाऊंशी खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवसांत ते स्टुडिओत आले की मला वाटे, त्यांना संशय आला आहे. चहाचा कप घेऊन ते माझ्या मागं उभे राहत आणि पडद्याकडे पाहत. मी दुसऱ्याच कोणाचं तरी बारसं लावून बसलेला असे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पल्लवी पहिल्या सणाची माहेरी आली. दुपारी पुरणपोळीचं जेवण आटोपून ती एकटीच स्टुडिओत आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मी फिल्म लावली. कन्यादान आलं, मोठेबाबांचे हात आले.

"आता ते लावा," ती म्हणाली.

मी लावलं. भाऊ पाटावरून उठून चालत आले, जवळ, अजून जवळ, आणि वाकून त्यांनी थेट तिच्याकडे पाहिलं.

"परत."

मी परत लावलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा मागं दाराची कडी वाजली. भाऊ आत येऊन उभे होते. पडद्यावर त्यांचाच चेहरा होता.

"तुले काढ म्हटलं होतं ना म्या?"

"हो भाऊ."

"मंग?"

"म्या ठेवाले सांगतलं," पल्लवी म्हणाली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "बाबा, तुम्ही इथं कोणाकडं पाहून राह्यले?"

"कोणाकडं पाहीन? दिव्याकडं."

"मले तं वाटते माह्याकडं पाहून राह्यले."

भाऊ पुढं आले. आमच्या दोघांच्या मधून वाकले. मी थांबवायला हात पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. चेहऱ्याकडे ते पाहतच नव्हते. त्यांची नजर त्याच्या मागं, त्या विरघळलेल्या रंगांवर फिरत होती. गुरुजींचं पांढरं, काकूंचं मोरपंखी, मोठेबाबांचा फेटा. एका ठिकाणी हळदीच्या रंगाचा एक अस्पष्ट गोळा होता. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तू."

"हाव."

"डोळे दिसत नाहीत तुह्ये."

"मी खाली पाहून राह्यली होती, बाबा. ओंजळीत."

"रडून राह्यली होती का?"

तुकडा संपला, पडदा काळा झाला. भाऊंनी बोट तिथंच ठेवलं होतं. "अजून एकवार लाव," ते मला म्हणाले आणि पल्लवीनं सरकून त्यांना आपल्या खुर्चीत अर्धी जागा दिली.